चंद्रकलाबाईंची सकाळची गोळी

१

"यांच्या रक्तात औषध जवळपास नाहीच," डॉ. धनंजय म्हणाले आणि त्यांनी तपासणीचा कागद टेबलावर पालथा घातला.

पवनीतल्या त्या लहानशा दवाखान्यात, भिंतीपलीकडच्या खाटेवर चंद्रकलाबाई निमजे झोपल्या होत्या. आदल्या सकाळी घरी हातमागाजवळ बसल्या बसल्या त्यांना झटका आला, डोकं मागाच्या खांबावर आपटलं आणि कपाळावर टाके घालावे लागले. उन्हाळ्यात मेंदूत रक्ताची गाठ होऊन गेल्यापासून त्यांना असे झटके यायचे. मग गोळी सुरू झाली, झटके थांबले, पावसाळा सुखाचा गेला. आणि आता ऐन दिवाळीच्या तोंडावर पुन्हा हे.

"पण गोळी तं रोज देतो आम्ही," मुलगा संजीव चाचरत म्हणाला. कोसा रेशमाच्या साड्यांचा त्याचा लहानसा व्यापार होता. एरवी तो गिऱ्हाइकाशी तासभर बोलायचा.

"देता, हे मी ऐकलं. पोटात जात नाही, हे मला दिसतंय."

संजीवची मोठी बहीण रेणू निरोप मिळताच नागपूरहून आली होती. ती उठून उभी राहिली. "मंग सरळ बोला न डॉक्टरसाहेब! माह्या आईची गोळी कोणीतरी दाबून राहिलं." तिची नजर भावजयीवर गेली आणि तिथेच थांबली. "घरात गोळी द्यायचं काम एकाच माणसाकडे आहे."

रुचिकाचा चेहरा पांढरा पडला. ती पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली.

कोपऱ्यात रक्षा उभी होती. घरोघरी जाऊन रुग्णांची देखभाल करणारी नर्स. कोंढ्याहून स्कूटीने यायची, चंद्रकलाबाईंचा रक्तदाब बघायची, आठवड्याच्या गोळ्या खणाखणांच्या डब्यात भरून जायची. रेणू तिच्याकडेही वळली.

"आन् डबा तं तुम्हीच भरता सिस्टर. मी तुमच्यावर तरी भरवसा काहून ठेवू?" मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगून टाकलं, "रविवारी मी आईले नागपूरले घेऊन जाते. आन् जाता जाता ठाण्यात तक्रार देऊन जाईन."

सगळे बाहेर गेल्यावर डॉक्टरांनी रक्षाला थांबवलं. "गोळी पुन्हा सुरू केलीय. इथे आहेत तोवर आम्ही लक्ष ठेवू. पण घरी गेल्यावर पुन्हा असंच झालं, तर पुढचा झटका आपोआप थांबेल याची खात्री मी देत नाही. ही गोळी जाते कुठे, ते शोधा."

रक्षाने मान हलवली. तिच्या मनात मात्र रेणूचाच प्रश्न घुमत होता. डबा खरंच तिनेच भरला होता.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निमज्यांच्या घरी गेली. पुढच्या खोलीत हातमाग, मागच्या अंगणात तुळस आणि बुटकी भिंत. भिंतीपलीकडे शेजारच्या राधाबाईंचं घर. तिथे बकरीची दोन पिल्लं एकमेकांना टकरा देत उड्या मारत होती.

"या सिस्टर," राधाबाई भिंतीवरून म्हणाल्या. "चंद्रकलाबाई कशा आहेत? इकडे हे बारकं पाहा, आंगात आल्यासारखं नाचून राहिलं. मागच्या आठवड्यात नुसतं पडून राहे. मले वाटे, हे काही जगत नाही बाप्पा."

रक्षा हसली आणि आत गेली. तिचं लक्ष डब्याकडे होतं.

डबा उघडून तिने खण तपासले. झटका आला त्या दिवसापर्यंतचे सगळे खण रिकामे, पुढचे भरलेले. एकही गोळी मागे उरलेली नाही, एकही खण चुकून उघडलेला नाही.

"रुचिका, गोळी कशी देते तू? सगळं सांग. क्षुल्लक वाटलं तरी सांग."

रुचिका मागाच्या कडेवर बसली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "सकाळी आंघोळ झाली का आई खाटेवर बसतात. मी डब्यातली गोळी त्यांच्या तळहातावर ठेवते. पाण्यासोबत त्यांना मळमळते, म्हणून पेला भरून भाताची पेज देते. त्या माह्यासमोर गोळी तोंडात टाकतात. हे कितीदा तं यांनीबी पाहिलं आहे."

"मग?"

"मग काही नाही. पेला तोंडाले लावतात, हळूहळू पितात. पहिले गोळी गिळली का लगेच हाक मारत, 'चाल गं, मागावर बस' म्हणून. आजकाल पेला माह्या हाती देईपर्यंत बोलत नाहीत. वयानं होते असं, नाही का?"

"होऊ शकतं. आणि दिवसभर कशा असतात?"

इथे मात्र रुचिकाचा चेहरा एकदम उजळला. "एकदम फ्रेश! तेच तं समजत नाही सिस्टर. पावसाळ्यात सकाळभर डुलक्या घेत. आता माह्याशेजारी बसून एक एक धागा पाहतात. करवती काठ शिकवून राहिल्या मले. आडव्या धाग्याचे तीन धोटे एकावेळी फेकायचे, काठाचा एक दात चुकला तरी लगेच बोट ठेवतात."

मागावर कोसा रेशमाची साडी चढलेली होती. काठावर करवतीसारखे बारीक दात, लाल आणि पिवळे, एकाच मापाचे. साडी बरीच विणून झाली होती, पदर तेवढा बाकी होता.

"सिस्टर," रुचिकाने अचानक तिचा हात धरला. "ताई म्हणतात ते खरं वाटते का तुम्हाला?"

रक्षाने उत्तर दिलं नाही. जे सिद्ध झालेलं नाही ते बोलायचं नाही, ही तिची सवय होती. पण स्कूटीला किक मारताना तिला कळलं, की आपल्या गप्प राहण्याने ती बिचारी आणखी खचली असेल.

३

आता औषधाच्या दुकानाची पाळी. दुकानदार भय्याजी संतापले. "नकली गोळी? माह्या दुकानात? सिस्टर, तुम्ही मले किती वर्षांपासून ओळखता?"

"ओळखते भय्याजी, म्हणून तर तुमच्याकडे आले. याच खोक्यातल्या गोळ्या आणखी कोण नेतं?"

"कोंढ्याचे परसराम. तुमच्याच गावचे न ते? जा, विचारा त्यांना."

परसरामांचं घर रक्षाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. ती पोचली तेव्हा ते ओसरीवरच्या बाजेवर घोरत पडले होते. बायकोने कपाळावर हात मारला. "हे पाहा! सकाळी गोळी घेतली का दुपारपर्यंत हेच. धान कापायले आलं, आन् घरधनी झोपून राहिले. झटका मात्र एकबी नाही आला, ते खोटं कायले बोलू?"

रक्षाने गोळ्यांची पट्टी हातात घेऊन पाहिली. तोच माल, तोच छाप. म्हणजे गोळी खरी होती. झटका थांबवत होती आणि माणसाला झोपवतही होती.

मग तीच गोळी घेणाऱ्या चंद्रकलाबाई सकाळभर ताज्यातवान्या कशा?

परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी धानाची शेतं पिवळी पडली होती. रक्षाने स्कूटी हळू केली. भय्याजी सुटले. रुचिकाने गोळी लपवली असती तर सासू फ्रेश आहे असं आपण होऊन सांगितलं असतं का? ते सांगून तिने स्वतःवरचा संशय वाढवलाच होता, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. तीही सुटली. डबा भरणारी तर रक्षा स्वतः. मग राहिलं कोण?

शनिवारी चंद्रकलाबाई घरी आल्या. दवाखान्यात नर्सने औषध पातळ करून पाजलं होतं. ते पोटात गेल्यावर त्या तिथे बहुतेक वेळ झोपूनच होत्या. घरी रेणू सावलीसारखी त्यांच्या मागे होती. रक्षाने अंथरूण नीट करायला घेतलं, चादर ओढली, आणि गादीच्या खाली तिच्या हाताला कागदाची पुडी लागली.

"ते ठेवा खाली!" रेणू ओरडली.

४

पुडीवर कुठल्याशा जडीबुटीवाल्याचा शिक्का होता. झटक्यावर रामबाण, असं मोठ्या अक्षरात छापलेलं.

"हे तुम्ही आणलंत?" रक्षाने विचारलं.

रेणूचा सगळा ताठा उतरला. ती खाटेच्या कडेवर बसली. "पोळ्याच्या वेळी आणलं होतं. शेजारीण म्हणे, इंग्रजी गोळ्यांनी मेंदू सुस्त होते. मी आईले म्हणलं, हे घेऊन पाहा. मंग... मंग झटका आला त्या दिवसापासून जीव धाकधूक करून राहिला माहा. माह्यामुळेच तं नाही झालं न सिस्टर?"

म्हणून ही भावजयीवर इतकी धावून जात होती. धास्ती स्वतःचीच होती. रक्षाने पुडी उलटीपालटी केली. चारही बाजूंनी चिकटवलेली, जशीच्या तशी.

"उघडलेलीच नाही ही. मावशींनी चिमूटभरही घेतलं नाही. तुमच्यामुळे झालेलं नाही रेणूताई."

रेणूने डोळ्यांना पदर लावला. पण रक्षाच्या मनात तिचं एक वाक्य अडकून बसलं होतं. इंग्रजी गोळ्यांनी मेंदू सुस्त होते. हे चंद्रकलाबाईंनी ऐकलं होतं. पुडी त्यांनी घेतली नाही, पण ते बोलणं?

दुसऱ्या दिवशी रविवार. रेणूची बॅग दाराशी तयार होती. चंद्रकलाबाईंना घरी आल्यावरची पहिली गोळी द्यायची म्हणून रक्षा मुद्दाम लवकर आली. पण ती पोचेपर्यंत गोळी देऊन झाली होती. रेणूने स्वतः दिली होती, डोळ्यांत तेल घालून.

"घेतली आईनं. माह्या डोळ्यांदेखत," रेणू म्हणाली.

चंद्रकलाबाई मागाशेजारी बसून रुचिकाला काहीतरी सांगत होत्या. आवाज खणखणीत. रक्षा पाठीमागच्या अंगणात हात धुवायला गेली. भिंतीपलीकडे राधाबाई मांडी घालून बसल्या होत्या. मोठं पिल्लू तुळशीची पानं ओरबाडायला भिंतीवर चढत होतं. बारकं त्यांच्या मांडीवर मान टाकून पडलं होतं.

"पाहा सिस्टर, पुन्हा सुरू झालं याचं," राधाबाई काकुळतीने म्हणाल्या. "चार दिवस कसं उड्या मारे. आज सकाळी पेज पाजली आन् थोड्या वेळानं असं लुळं पडलं."

रक्षाचे ओले हात तसेच राहिले.

"कोणती पेज, काकू?"

"चंद्रकलाबाईंच्या पेल्यातली उरलेली. याच्या मायले दूध पुरत नाही न, म्हणून त्या रोज राखून ठेवतात. रुचिका भिंतीवरून देते. त्या दवाखान्यात होत्या तेव्हा मी घरची पाजली."

"पेला कुठे आहे?"

"हा काय, तुमच्याजवळच. अजून धुतला नाही."

रक्षाने भिंतीवरचा पितळी पेला उचलला आणि उन्हात तिरका केला. तळाशी पेजेचा पातळ थर होता. त्या थरात, अर्धवट विरघळलेला, पांढऱ्या गोळीचा एक तुकडा चिकटला होता.

५

तिला धावत आत जाऊन सगळ्यांना पेला दाखवता आला असता. रेणू गप्प झाली असती, रुचिका सुटली असती, आणि चंद्रकलाबाई चारचौघांत चोर ठरल्या असत्या. रक्षाने रुचिकाला चहा करायला पाठवलं, रेणूला म्हटलं, "मला टाके पाहायचे आहेत, जरा दार लावून घेते." मग ती चंद्रकलाबाईंसमोर बसली आणि पेला दोघींच्या मध्ये ठेवला.

"मावशी, राधाकाकूंचं बारकं पिल्लू आज पुन्हा झोपलं."

चंद्रकलाबाईंनी पेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "त्याले काही झालं का?" त्यांनी घाबरून विचारलं. "मले वाटलं, गोळी तळाशी राहते, ते फेकून देत असतील."

"ते सावरेल. तुमचं सांगा. गोळी गालात धरता, पेज प्यायल्यासारखं करता, आणि पेल्यात सोडता. काहून?"

म्हातारीने मागाकडे मान वळवली. कपाळावरच्या पट्टीखाली डोळे भरून आले होते.

"गोळी घेतली का डोक्यात कापूस कोंबल्यासारखं होते पोरी. रुचिकाचा काठ चुकला तरी दिसत नाही मले. आन् मागाचा खरा उजेड सकाळचाच. करवती काठ माह्या सासूनं मले शिकवला. या गल्लीत आता तो कोणाले येत नाही. रुचिका शिकून राहिली, चांगलं शिकून राहिली. मले वाटलं, पदर होऊ दे, साडी उतरू दे, मंग घेईन गोळी."

"तिला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तं तिनं त्याच दिवशी माग बंद केला असता! 'आई, पहिले तब्येत' म्हणाली असती. मी ओळखत नाही का तिले?"

"मावशी, मागाच्या खांबावरच डोकं आपटलं तुमचं. जरा जास्त लागलं असतं तर तो पदर कोणी शिकवला असता?"

चंद्रकलाबाईंचा हात कपाळावरच्या पट्टीकडे गेला.

"डोकं जड होतं, हे डॉक्टरांना एकदा तरी सांगितलं?"

"डॉक्टरले असं कोणी सांगते का? ते म्हणतील, बाई नखरे करते."

"तेच ऐकायला बसलेत ते. आणि आणखी एक आहे, जे तुम्हाला कोणी सांगितलं नाही." रक्षाने आवाज खाली आणला. "गोळी रुचिकाने दाबली, असं रेणूताईंना वाटतंय. आज ठाण्यात तक्रार जाणार आहे."

चंद्रकलाबाई खाटेचा आधार घेऊन उठल्या. रक्षा हात द्यायला पुढे झाली, तो त्यांनी बाजूला सारला आणि स्वतःच दार उघडलं.

"संजीव! रेणू! सगळे इकडे या. रुचिकाले आणा. आत्ता!"

६

कोणी कधी ऐकला नव्हता असा तो आवाज होता. चहाचं भांडं गॅसवर उतू गेलं तरी कोणाला भान राहिलं नाही.

"गोळीचा चोर पाहायचा होता न तुले?" चंद्रकलाबाई लेकीला म्हणाल्या. "हे पाहा, तुह्यासमोर उभा आहे." आणि त्यांनी सगळं सांगितलं. मध्ये थांबल्या नाहीत, कशावर पांघरूण घातलं नाही.

"पण आज तं मी स्वतः दिली!" रेणू थक्क होऊन म्हणाली.

"तुम्ही गोळी तोंडात जाताना पाहिली," रक्षा म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी तेवढंच पाहिलं. मीसुद्धा डब्याचे रिकामे खण मोजून समाधान मानलं. खरं तर सगळं समोरच होतं. कोंढ्याचा माणूस याच गोळीने दुपारपर्यंत घोरतो, आणि मावशी मात्र काठाचा एकेक दात मोजतात. म्हणजे गोळी यांच्या पोटात नव्हती. पेला परत देईपर्यंत त्या बोलत नव्हत्या, कारण तोंडात गोळी होती. मग ती पेल्यावाचून जाणार कुठे? आणि पेल्यातली पेज ज्याच्या पोटात जायची ते पिल्लू झोपायचं. मावशी दवाखान्यात गेल्या तेव्हा ते उड्या मारायला लागलं. मावशी घरी आल्या आणि ते पुन्हा आडवं झालं."

संजीवला हसावं की रडावं कळेना. रुचिका मात्र सासूच्या समोर जाऊन बसली आणि हुंदके देत म्हणाली, "माह्यासाठी? आई, एका काठासाठी जीव देता का?"

"काठासाठी नाही," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "तुह्या हातासाठी."

रेणू जागची हलली ती थेट भावजयीसमोर. मोठी नणंद होती, वाकून बोलायची सवय नव्हती. तरी तिने रुचिकाचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "चुकलं माहं. घरात, दवाखान्यात, सगळ्यांसमोर बोलली मी तुले. आता सगळ्यांसमोरच माफी मागते."

रक्षाने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. सगळं ऐकून डॉ. धनंजय मोकळेपणाने हसले. "उन्हाळ्यात दवाखान्यात गोळी सकाळी सुरू झाली, म्हणून घरीही सकाळीच राहिली. वेळ बदलायचा विचार कोणी केलाच नाही, मीही नाही. आजपासून रात्री, जेवणानंतर. झोपायच्या वेळी झोप आली तर बिघडलं कुठे? पुढे हळूहळू कमी झोप आणणाऱ्या दुसऱ्या गोळीवर नेऊ त्यांना. पण त्यांना सांगा, मनाने एकही दिवस सोडायची नाही. आणि डोकं जड झालं तर पहिला फोन मला."

रेणूची बॅग दारातून पुन्हा आत गेली. दिवाळीपर्यंत ती माहेरीच राहिली आणि रात्रीची गोळी तिने स्वतःकडे घेतली. "आ कर आई. जीभ वर. आता डावा गाल." चंद्रकलाबाई चिडून म्हणायच्या, "मी काय शाळेतली पोट्टी आहे का?" पण हसत हसत तोंड उघडायच्या. राधाबाईंनी पिल्लासाठी बाटलीचं दूध आणलं, आणि ते भावाच्या बरोबरीने तुळशीवर हल्ले करू लागलं.

महिनाभराने पुन्हा रक्त तपासलं. औषध जिथे असायला हवं तिथे होतं. झटका परत आला नाही. सकाळच्या उन्हात चंद्रकलाबाई मागाशेजारी बसत, डोकं स्वच्छ, नजर धाग्यावर. रुचिकाने पदराचे शेवटचे दात विणले तेव्हा त्यांनी बोट ठेवलंच नाही. नुसत्या पाहत राहिल्या.

संक्रांतीनंतर भंडाऱ्याला हातमागाचं प्रदर्शन भरलं. करवती काठाच्या कोसा साड्यांत पहिला मान पवनीच्या निमज्यांना मिळाला, तेव्हा सूत्रसंचालकाने आपसूक चंद्रकलाबाईंचं नाव पुकारलं. गल्लीतली जुनी विणकरीण त्याच, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

चंद्रकलाबाई कोणाचाही आधार न घेता मंचाच्या पायऱ्या चढल्या. खाली पहिल्या रांगेत रक्षा आणि डॉक्टर शेजारी शेजारी बसले होते. म्हातारीने माइक हातात घेतला.

"मी नाही विणली ही साडी," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "माह्या सुनेनं विणली. रुचिका, वर ये. मान तुहा आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. रुचिका लाजत, अडखळत वर आली. मागच्या रांगांतल्या बायकांना साडी दिसत नव्हती, त्या उभ्या राहू लागल्या. तेव्हा रेणू धावत मंचावर चढली, साडीचा पदर दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उंच धरला आणि तिथूनच ओरडली, "पाहा, नीट पाहा! माह्या भावजयीच्या हातचा काठ आहे!"